दुसरी खाच

नगरच्या एमआयडीसीत माणसं दोन प्रकारची, असं आबासाहेब म्हस्के म्हणत: दिलेलं विसरणारी आणि घेतलेलं विसरणारी. प्रज्ञा साळवे या दोन्हींत बसत नव्हती. तिला न दिलेलंही आठवत राही. धंद्यात हा गुण म्हणावा की खोड, हे तिच्या सावेडीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानासमोरचा पानवालासुद्धा ठरवू शकला नव्हता. आणि तो तर सगळ्या सावेडीचं ठरवून मोकळा झालेला माणूस.

अठ्ठ्याण्णव साल होतं. नगरात कॉम्प्युटर घेणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा एक पक्की वर्गवारी होती. एक कंपनीचा, म्हणजे पुण्याहून खोक्यात बसून आलेला; आणि दुसरा जोडलेला, म्हणजे कुणीतरी पेचकस घेऊन उभा केलेला. पहिला बिघडला तर लोक विजेला शिव्या देत, दुसरा बिघडला तर जोडणाऱ्याला. त्यातून जोडणारी बाई, तिशीच्या अलीकडची, जामखेडकडच्या एका शाळामास्तरांची मुलगी. तिच्याकडून की-बोर्ड घेणारेसुद्धा तो दोनदा उलटा करून बघत.

आबासाहेबांनी मात्र तिच्याकडून थेट वर्कस्टेशन, म्हणजे ड्रॉइंगचा दांडगा कॉम्प्युटर, घ्यायचं ठरवलं. त्यांचा कारखाना डाय बनवायचा, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग काढायचे लोखंडी साचे. पुण्याची एक मोठी कंपनी त्यांना काम द्यायला तयार झाली होती. अट एवढीच, की ड्रॉइंग कागदावर नको. दोन प्रोसेसरच्या वर्कस्टेशनवर व्हावं, आणि कंपनीचा माणूस येऊन ते मशीन उघडून बघणार. पुतण्या म्हणाला, पुण्याहूनच आणा. आबासाहेब म्हणाले, "पुण्याचा माणूस सोमवारी येतो म्हणतो, आणि कुठल्या सोमवारी ते सांगत नाही. ही पोरगी लूना काढते आणि येते."

मदरबोर्ड मुंबईहून आला तेव्हा सगळा कारखाना बघायला जमला. नेहमीचा मदरबोर्ड वहीच्या पानाएवढा असतो. हा जेवायला बसायच्या पाटाएवढा होता. हिरवागार, मेमरीच्या खाचांची रांगच्या रांग, आणि मधोमध शेजारी शेजारी दोन लांब काळ्या खाचा. प्रत्येकीत एकेक प्रोसेसर उभा बसवायचा. अंगातली वीज बोर्डाला लागू नये म्हणून प्रज्ञानं मनगटाला तार बांधून तो पिशवीतून काढला.

"म्याडम, यवढ्या पाटावर बसनार कोन?" सूर्यभाननं विचारलं. सूर्यभान पत्राकामाचा मिस्त्री, राहुरीकडचा. आडव्या तिडव्या पत्र्याला सरळ करणारा आणि सरळ बोलण्याला आडवं लावणारा.

"दोघं बसणार आहेत," प्रज्ञा म्हणाली. "एक आलाय, एक वाटेत आहे."

हे तिनं आबासाहेबांनाही स्वच्छ सांगितलं होतं. दुसरा प्रोसेसर मुंबईच्या व्यापाऱ्याकडे यायचा होता. तोवर दुसऱ्या खाचेत डमी. डमी म्हणजे प्रोसेसरच्याच आकाराची, पण आत काही नसलेली मुकी पट्टी. ती लागतेच, खाच साफ मोकळी ठेवली तर हा बोर्ड सुरूच होत नाही. नुसते पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो. प्रज्ञानं ते करून दाखवलं, कारण दाखवल्याशिवाय त्या कारखान्यात कुणी काही मानत नसे.

एवढ्या बोर्डाला बसेल असा डबा नगरात नव्हता. तो सूर्यभाननं केला, पत्रा कापून, वाकवून, आणि त्याला कारखान्यातल्या प्रेसना लावतात तोच करडा रंग दिला. तो रंग वर्षानुवर्षं तेलात भिजूनही निघत नाही. डबा झाला तो असा वजनदार, की टेबलं वाकायला लागली. शेवटी तो कारभारीतात्यांच्या टेबलावर ठेवला.

कारभारीतात्या म्हणजे कारखान्याचे जुने ड्रॉइंगवाले. तरुणपणी प्रेसवर होते. प्रेसनं डाव्या अंगठ्याचं वरचं पेर घेतलं, तेव्हापासून ड्रॉइंगवर बसले ते त्या उन्हाळ्यापर्यंत. उन्हाळ्यात कोल्हारला घरी झोपेत गेले. त्यांचं सागवानी टेबल तसंच होतं. डाव्या कोपऱ्यात हाताचा तळवा टेकून ते उजव्या हातानं रेघ मारत. तिथलं लाकूड झिजून उथळ वाटीसारखं झालं होतं. डबा त्या खळग्यावरच आला.

मशीन चालू लागलं. चालू होताना निळ्या पडद्यावर पहिलीच ओळ येई, आत किती प्रोसेसर आहेत याची. ती सांगे: एक. ड्रॉइंगला आबासाहेबांची भाची वृषाली बसली. सगळं रीतसर होतं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. यंत्रं धुऊनपुसून बंद, हत्यारं पाटावर मांडलेली, झेंडूची माळ प्रेसच्या गळ्यात. प्रज्ञाला बोलावणं होतं. तिच्या घरी ही पूजा नसते हे आबासाहेबांना ठाऊक होतं, म्हणून ते नुसतं म्हणाले, "पेढा घे. तो कुणाच्या बाजूचा नसतो." तिनं पेढा घेतला आणि एकच विनंती केली, की डब्याला हळदकुंकू लावू नका, पूड जाळीतून आत गेली तर बोर्ड जळेल.

"पूड आत जानार न्हाई. शबुद देतो," सूर्यभान म्हणाला.

शब्द देताना माणूस ज्या गोष्टीचा देतो तेवढीच पाळतो. हे प्रज्ञाच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला.

दसरा झाला आणि आबासाहेबांचा फोन आला. आवाजात लाड होता. "अगं, दुसरा बसवलास आणि बोलली नाहीस? ही वृषाली म्हणते, मशीन वाऱ्यासारखं पळतंय. सकाळी लावलेला हिशेब जेवणापर्यंत पुरायचा, आता चहाच्या आत होतो."

"मी काही बसवलेलं नाही, आबासाहेब."

"पडद्यावर दोन लिहिलंय. मला इंग्रजी आकडे वाचता येतात."

प्रज्ञा लूनावर बसून आली. मशीन बंद करून चालू केलं. निळा पडदा, पहिली ओळ: दोन.

तिनं डबा उघडला. पहिल्या खाचेत प्रोसेसर, दुसरीत डमी. डमीला बोट लावलं आणि काढून घेतलं. मुक्या पट्टीला गरम व्हायचं काही कारण नसतं.

तिनं डमी उपसली. पंखे फिरले, पडदा काळा. पुन्हा बसवली: दोन. आपल्या पिशवीतली दुसरी, कोरी डमी बसवली: दोन. बोर्डावरच्या घड्याळाची बॅटरी काढून बोर्डाची आठवण पुसली. सगळी सिस्टिम नव्यानं चढवली. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम होता. आणि तो मोडायची तिच्यावर अजून वेळ आली नव्हती. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा तिच्याकडे एवढंच उरलं होतं: दोन.

"मग बिघडलंय काय?" आबासाहेब म्हणाले. "फुकटात दुसरा मिळाला. लोक जास्त आलं तर गप्प बसतात."

"आबासाहेब, पुण्याचा माणूस हा डबा उघडणार. पडद्यावर दोन आणि आत एक. तो काय म्हणेल?"

आबासाहेबांचं हसू जरा आखडलं.

तो काय म्हणेल हे प्रज्ञाला पाठ होतं. त्या वर्षी बाजारात खोट्या मालाचा सुळसुळाट होता. हलक्या प्रोसेसरवर भारीचे आकडे छापून विकत, पडद्यावर खोट्या ओळी दाखवत. असा एक माणूस पुण्यात पकडला होता, आणि त्याच्यापायी जोडलेल्या कॉम्प्युटरचं नावच बदनाम झालं होतं. नगरमध्ये तसलीच दुसरी ही प्रज्ञा साळवे निघाली, म्हणजे पेचकस घेऊन खोटं बोलणारी, तर दुकानाची पाटी उतरवायला शिडीसुद्धा लागली नसती. तिनं न दिलेली वस्तू तिच्या नावावर जमा झाली होती. ती उतरवल्याशिवाय ती हलणार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज येऊ लागली.

वृषाली आधी खुशीत होती. मग तिचं बोलणं कमी झालं. एका दुपारी तिनं खुर्ची जरा सरकवून प्रज्ञाला जागा केली आणि पडद्यावरचा साच्याचा एक कोपरा दाखवला. "ताई, हा मी काटेकोर काढला होता. आज बघते तर गोलाई वाढलीय. चारी कोपऱ्यांना. मी नाही केलं."

"चुकून हात लागला असेल."

"चारी कोपऱ्यांना सारखा?"

सूर्यभान पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभा होता. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "बराबर हाय की. कोपरा कडक ठिवला तर पत्रा फाटतो. तात्या कायम आसंच..." आणि वाक्य तिथंच टाकून तो निघून गेला. सूर्यभान वाक्य अर्धं टाकणाऱ्यांतला नव्हता.

प्रज्ञा डब्याच्या बाजूला वाकली. डाव्या कडेजवळ रंग पुसट झाला होता. डाग नव्हता, खरवडही नव्हती. हात लागून लागून पितळी कडी उजळते तसा पत्रा खालून दिसू लागला होता.

"इथं तू हात टेकतेस?"

"मी उजव्या बाजूला बसते, ताई," वृषाली म्हणाली. "तिकडे माझा हात पोचत नाही."

प्रज्ञानं डोक्यात नोंद केली: रंग हलक्या प्रतीचा. तिला माहीत होतं की तो नव्हता.

राहिली होती एकच गोष्ट. बोर्ड तिनं डब्यातून आजवर काढला नव्हता. तिनं सगळ्या तारा सोडवल्या, पितळी टेकूंवरचे स्क्रू काढले आणि तो पाट दोन्ही हातांनी अलगद उचलला. खाली, पत्र्याच्या तळाला, दुसऱ्या खाचेच्या बरोबर खाली, पत्र्याचीच एक छोटी चिमटी रिव्हेट ठोकून बसवलेली होती. चिमटीत सुपारी होती. आख्खी, जुनी, हाताळून काळी झालेली.

सूर्यभानला बोलावलं. तो आला आणि सुपारीकडे न बघता छताकडे बघू लागला.

"हे तुम्ही ठेवलंत?"

"पूड न्हाई ती. पुडीचा शबुद दिला हुता."

"मी विचारलं, तुम्ही ठेवलीत का?"

"व्हय." मग त्याला बोलावंच लागलं. त्या कारखान्याची स्वतःची एक रीत होती, आबासाहेबांच्या वडिलांपासूनची. खंडेनवमीला प्रत्येकाच्या हत्यारापुढे ज्याची त्याची सुपारी मांडायची. माणूस काम सोडून गेला किंवा वारला, तर त्याच्या घरचं कुणीतरी येऊन ती सुपारी उचलतं, तेव्हा हत्यार मोकळं होतं. मग ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं. तोवर नाही. "तात्यांची सुपारी कुनी उचललीच न्हाई. टेबल म्हंजी लाकूडसामान, हत्यार न्हाई, आसं मालक म्हनले, आन् त्याच्यावर तुमचा डबा ठिवला. घरच्यास्नी कुनी कळीवलं न्हाई. आता तात्यांचं काम ह्यो डबा करतोय. मंग सुपारी कुटं मांडायची? मी मांडली त्याच्याम्होरं. म्होरं ठिवली तर पडंल, म्हनून खालनं तळाची पट्टी सोडून आत."

"आणि या खाचेखालीच का?"

"ती रिकामी हुती ना," सूर्यभान म्हणाला. "बसायला."

प्रज्ञानं मीटर काढला आणि सुपारीला दोन्ही टोकं लावली. काटा हलला नाही. वीज वाहून नेईल असं त्यात काही नव्हतं. तिनं चिमटा घेऊन ती काढली, बोर्ड परत बसवला आणि मशीन चालू केलं.

दोन.

सूर्यभान हळूच म्हणाला, "तुमी काडून काय उपेग, म्याडम. घरचं पायजे."

बाकी कुणी असतं तर हसलं असतं, नाहीतर घाबरलं असतं. प्रज्ञानं यातलं काही केलं नाही. तिच्या हिशेबात आता करून बघायच्या गोष्टींपैकी एकच उरली होती. ती तिला मान्य नव्हती म्हणून वगळायची, हे तिच्या कामात बसत नव्हतं. तिनं सुपारी परत जिथल्या तिथं ठेवली, बोर्ड बसवला, आणि दुसऱ्या सकाळी मनमाडकडे जाणाऱ्या एसटीत बसली.

बनुबाई, कारभारीतात्यांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी, कोल्हारला नदीकडच्या वस्तीवर राहत. ओसरीत भुईमूग फोडत बसल्या होत्या. प्रज्ञानं आपण कोण ते सांगितलं. त्यांनी शेंगांचं सूप तिच्याकडे सरकवलं, म्हणजे बस.

"तुमचंच का ते मशीन? त्येंच्या टेबलावरचं?"

"हो, मावशी. त्यांची सुपारी तिथं राहिलीय. तुम्ही येऊन उचलाल का?"

बनुबाईंनी एक शेंग फोडली. दाणे टाकले, टरफलं मुठीत धरली. "कोन सांगाया आलंच न्हाई. मी म्हनलं, कारखाना सुदारला, आता सुपाऱ्या कुटल्या. आनि येक सांगू का? ते गेले तरी घरात पेन्शिलीचा वास ऱ्हायला हुता. तासायचे ना बसून, हितं, ह्याच दारात. लाकडाचा आन् शिशाचा. सून म्हनायची, आत्या, तुमाला भास हुतो. दसऱ्यापासनं न्हाई येत. मला वाटलं, आता गेले वाटतं." त्यांनी मुठीतली टरफलं खाली सोडली. "तुमच्याकडं येतो का?"

प्रज्ञाला खोटं बोलता येत नसे, ही तिच्या धंद्याची दुसरी अडचण. तिनं आठवून पाहिलं. डबा उघडला की गरम प्लॅस्टिकचा वास येई, धुळीचा येई. आणि अलीकडे आणखी एक, जो तिनं सागवानी टेबलाच्या खात्यावर टाकला होता.

"येतो," ती म्हणाली.

बनुबाई दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं आल्या, इस्तरीच्या लुगड्यात. आबासाहेब उठून उभे राहिले आणि चुकल्यासारखे हसले. बनुबाईंनी त्यांना नुसतं "बरं हाय ना, मालक?" एवढंच विचारलं. प्रज्ञानं बोर्ड उचलून धरला. बनुबाईंनी आत हात घालून सुपारी काढली, पदराच्या टोकाला गाठ मारली. मग त्यांनी डबा थोडा सरकवायला लावला, खालचा टेबलाचा झिजलेला खळगा बघितला, त्यात आपला तळवा ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून, जेवायला उठवावं तशा सुरात म्हणाल्या, "चला आता."

प्रज्ञानं बोर्ड बसवला. दुसरं काहीही बदललं नाही. मशीन चालू केलं.

एक.

सूर्यभाननं कानाच्या पाळीला हात लावला. वृषाली रडू येईल अशी हसली. प्रज्ञाचं मात्र समाधान होईना. आकडा बरोबर आला होता. पण तो कसा आला हे न कळता आलेलं उत्तर तिला परीक्षेतही आवडलं नव्हतं.

फाटकापाशी बनुबाईंनी पदराची गाठ सोडून सुपारी नाकाशी नेली. "ह्येला न्हाई वास," त्या म्हणाल्या, आणि एसटीचा हॉर्न ऐकून भराभर चालू लागल्या.

पुण्याचा माणूस यायच्या आदल्या दिवशी मुंबईहून दुसरा प्रोसेसर आला, चंदेरी पाकिटात. प्रज्ञानं डमी काढून आपल्या पिशवीत टाकली, प्रोसेसर बसवला, वरून टाळी वाजल्यासारखा आवाज येईपर्यंत दाबला. निळा पडदा म्हणाला: दोन. या वेळी ते खरं होतं. न दिलेलं देऊन झालं होतं. त्या दिवशी तिनं पानवाल्याला स्वतःहून हाक मारली. त्याला ते फारसं रुचलं नाही. त्याला तिच्याबद्दल नव्यानं ठरवावं लागणार होतं.

पुण्याहून आलेल्या इंजिनियरचं नाव पंकज. बोलका, बुटांना लागलेली नगरची धूळ सतत झटकणारा. सकाळचा आला. मशीन चालू करायला लावलं, दोन बघितलं, मान हलवली. मग बंद केलं. "आता उघडतो. मीच उघडतो, रागावू नका. हल्ली पडद्यावर काय वाट्टेल ते दाखवतात."

"उघडा," प्रज्ञा म्हणाली. तिनं पेचकस त्याच्या हातात दिला.

त्यानं झाकण काढलं आणि शीळ घातली. "केवढा बोर्ड. आणि डबा कुणी केला?" सूर्यभान पुढे झाला. पंकजनं एक प्रोसेसर उपसून पाठीमागचे आकडे भिंगातून वाचले आणि परत बसवला. मग दुसरा उपसला. तेवढ्यात आबासाहेबांनी शेजारच्या खोलीतून प्रज्ञाला हाक मारली. ड्रॉइंग काढणाऱ्या प्लॉटरचा कागद अडकला होता, आणि पाहुण्यापुढे कागद अडकणं त्यांना परवडणारं नव्हतं. तिनं कागद सोडवला. परत आली तेव्हा झाकण बसलं होतं आणि पंकज धूळ झटकत होता.

"अस्सल आहेत. दोन्ही," तो म्हणाला. "लावा परत."

तिनं चालू केलं. निळा पडदा, पहिली ओळ: दोन. पंकजनं साच्याचा हिशेब लावला, चहाचा कप तोंडाला लावायच्या आत उत्तर आलं. त्यानं कपावरूनच पडद्याकडे बघितलं. "आमचं पुण्याचं मशीन असं पळत नाही. आणि हे कोपरे कुणी काढले? जुन्या हाताचं काम वाटतं."

वृषालीनं बशी उचलली.

जाताना तो प्रज्ञाला म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? जोडलेलं म्हटल्यावर मी तुम्हाला पकडायला आलो होतो. आता आणखी दोन वर्कशॉपना तुमचं नाव देतो." आबासाहेब त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले आणि जाता जाता त्यांनी मागे वळून प्रज्ञाकडे बघून मिशीत हसून घेतलं. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. प्रज्ञा खुर्चीवर बसली. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली होती.

वृषाली टेबल आवरत होती. पसरलेलं मोठं ड्रॉइंग तिनं उचललं आणि म्हणाली, "ताई, हे राहिलं वाटतं तुमचं."

ड्रॉइंगखाली चंदेरी पाकीट होतं. फुगीर.

प्रज्ञानं ते उघडलं. आत प्रोसेसर होता. मागचे आकडे तिला पाठ होते. आदल्या दिवशीच वाचले होते.

पंकज बोलण्याच्या नादात विसरला असेल. आकडे वाचले, टेबलावर पडलेल्या रिकाम्या पाकिटात सरकवला, झाकण लावलं. होतं असं. त्यात काही नव्हतं.

तिनं पडद्याकडे बघितलं. पुढच्या साच्याचा हिशेब चालू होता. कोपरे एकेक करून गोल होत होते.

डमी तिच्या पिशवीत होती. तिनं पिशवी उघडून खात्री केली. दोन्ही डम्या तिथंच होत्या.

"वृषाली, मशीन बंद कर."

वृषालीनं बंद केलं. प्रज्ञानं तारही काढली आणि झाकण उचललं. पहिल्या खाचेत प्रोसेसर होता. दुसरी खाच साफ मोकळी होती. लांब, काळी, आतले पितळी दात उघडे, त्यावर धुळीचा कणही नाही. डबा उघडताच पेन्सिल नुकती तासल्याचा वास आला.

"ताई," वृषाली म्हणाली, "खाच मोकळी असली की मशीन सुरूच होत नाही ना?"

"नाही होत."

बाहेर आबासाहेब कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, की जोडलेलंच घ्या, माणूस ओळखता आला पाहिजे.

माल तिनं दिला होता. आतून तो परत आला होता.

प्रज्ञानं मनगटाला तार बांधली. पंकज गाडीत बसला नव्हता अजून; हाक मारली तर ऐकू गेली असती. तिनं मारली नाही. ती जे सांगणार होती ते खरं होतं आणि कुणी खरं मानणार नव्हतं. तेव्हा आधी ते आपल्या हातानं बरोबर करायचं, मग बघायचं. तिनं उजव्या हातात प्रोसेसर धरला, खाचेवर सरळ उभा केला. नीट बसवायचा तर डबा हलता कामा नये. म्हणून तिनं डावा तळवा डब्याच्या कडेवर घट्ट टेकला.

तळवा रंग झिजलेल्या जागेवरच पडला. जागा आता पुसट राहिली नव्हती. पत्रा लख्ख होता, तळव्याच्या आकाराचा, वर चार बोटांच्या चार वाटा, बाजूला अंगठ्याची एक, आखूड. बाकी पत्रा गार होता, तेवढीच जागा कोमट होती. तिची चारही बोटं त्या वाटांत नेमकी बसली.

अंगठा तेवढा एक पेर पुढे, करड्या रंगावर गेला.